वर्तणूक : चांगली

शाळेत एक वाक्य दर वर्षी दोनदा म्हटलं जातं. पहिल्यांदा ऑगस्टमध्ये, पहिल्या चाचणीचे पेपर तपासून झाल्यावर : "इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी दहावी पाहिली नाही!" दुसऱ्यांदा फेब्रुवारीत, निरोप समारंभात, माइकसमोर : "इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी दहावी पाहिली नाही..." शब्द तेच, फक्त दुसऱ्या वेळी आवाज जड झालेला असतो. मधल्या सहा महिन्यांत दहावी सुधारलेली असते म्हणावं, तर सहामाहीचे गुण आणि प्रयोगशाळेच्या फुटलेल्या काचा वेगळं सांगतात. मागच्या वर्षीच्या दहावीबद्दलही हेच वाक्य दोन्ही वेळा म्हटलं गेलेलं असतं, आणि पुढच्या वर्षीची दहावी, म्हणजे आताची नववी, तेव्हा मागच्या रांगांत बसून ते ऐकत असते.

निरोप समारंभ ही शाळेची लोकअदालत आहे. पाच-पाच वर्षं पडून राहिलेले खटले एका दुपारी तडजोडीनं निकालात काढायचे. पुरावे मागायचे नाहीत, उलटतपासणी करायची नाही, आणि झालेल्या निवाड्यावर अपील नाही. खऱ्या लोकअदालतीत खटला मिटला की भरलेली कोर्ट फी परत मिळते. इथं बटाटेवडा मिळतो.

आमची दहावी नव्वदच्या दशकातली, तालुक्याच्या गावातल्या मराठी शाळेतली. बोर्डाची परीक्षा साडेसातशे गुणांची, आणि वर्गाच्या तुकड्या चार. 'अ' मध्ये हुशार, 'ड' मध्ये उरलेले, आणि 'ब' व 'क' मध्ये ज्यांच्याबद्दल कुणाचंच काही मत नव्हतं असे. समारंभ भरवायचा मान नववीचा. नववी हे काम आमच्यावरच्या प्रेमापोटी करते, असं सूत्रसंचालनाच्या कागदावर लिहिलेलं होतं. खरी गोष्ट अशी, की दहावी गेली की वरच्या मजल्यावरचे वारा येणारे वर्ग, मैदानाची सावलीची बाजू आणि पाण्याच्या टाकीचा न गळणारा एकमेव नळ नववीच्या ताब्यात जातो. त्यामुळे नववीचा उत्साह ओसंडून वाहत होता. पताका त्यांनी आदल्या दिवशीच लावल्या होत्या आणि आम्ही नक्की कधीपासून येणार नाही, याची चौकशी शिपाईमामांकडे दोनदा केली होती.

दहावीनं जाताना शाळेला काहीतरी भेट द्यायची, ही जुनी रीत. त्यासाठी मधल्या सुट्टीत सभा झाली. 'अ' तुकडीनं वाचनालयाला शब्दकोश सुचवला. 'ड' तुकडीनं क्रिकेटचं पूर्ण किट सुचवलं. मुलींनी पाण्याचा कूलर सुचवला. 'ब' आणि 'क' तुकडीनं जे ठरेल त्याला पाठिंबा दिला. मग वर्गणी मोजली आणि सर्वानुमते भिंतीवरचं घड्याळ ठरलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत आधीच्या बॅचांची घड्याळं ओळीनं लटकत होती. प्रत्येकाच्या काचेवर तांबड्या रंगात 'इयत्ता १० वी, सन अमुक-अमुक, यांजकडून सप्रेम भेट'. त्यातलं एक दहा मिनिटं पुढे, एक पाऊण तास मागे, एक कायमचं सव्वातीनवर आणि एक फक्त टकटक करणारं. आमच्या घड्याळाची जागा त्यांच्या शेजारी आधीच ठरलेली होती. खिळाही ठोकून तयार होता. शिपाईमामा मात्र तास संपल्याची घंटा या सगळ्यांकडे पाठ करून, स्वतःच्या मनगटाकडे बघून देत.

समारंभाच्या दिवशी गणवेश माफ. मुली साड्या नेसून आल्या. कालपर्यंत जिना तीन-तीन पायऱ्या गाळून उतरणाऱ्या मुली आज एकेका पायरीवर थांबून, निऱ्या हातात धरून, चिंताग्रस्त चेहऱ्यानं खाली येत होत्या. साडी आईची, ब्लाउज मावशीचा आणि सगळा भरवसा सेफ्टी पिनांवर. मुलं थोरल्या भावांच्या पँटमध्ये होती. पँट कमरेला राहावी म्हणून पट्ट्याला जास्तीचं भोक हवं होतं, ते कर्कटकानं पाडलं होतं. भूमितीच्या पेपरात कर्कटक कशासाठी लागतं, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण ते निरुपयोगी आहे, असं मात्र आम्ही कुणाला म्हणू देणार नाही.

प्रमुख पाहुणे संस्थेचे एक जुने पदाधिकारी होते आणि ते अकरावी मॅट्रिक होते. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली तुकडी बोर्डाला बसली आणि जुनी अकरावी बंद झाली. तेव्हापासून जुन्या मॅट्रिकचा माणूस दहावीच्या माणसाकडे कायम एक इयत्ता वरून बघतो. पाहुण्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की, आमच्या वेळची अकरावी म्हणजे आजची पदवी. थोड्या वेळानं त्यांनी ती एम.ए.च्या बरोबरीला नेली. मग इंग्रजी शिकवणाऱ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आले आणि तिथं बराच वेळ राहिले. वड्यांचा वास सभागृहात शिरला तेव्हा ते कंदिलाच्या उजेडात अभ्यास करत होते. मुख्याध्यापकांनी दोनदा घड्याळाकडे बघितलं. ते आम्ही भेट दिलेलं नवं घड्याळ होतं, टेबलावर मांडून ठेवलेलं, आणि त्यात अजून सेल घातलेले नव्हते.

विद्यार्थी प्रतिनिधीचं भाषण हा या समारंभाचा सर्वांत भरवशाचा भाग असतो, कारण ते सगळ्यांना पाठ असतं. 'शाळेचा निरोप घेताना' हा निबंध गाईडात आम्ही आठवीपासून वाचत होतो. त्यात पहिल्या परिच्छेदात मन दाटून येतं, दुसऱ्यात गुरुजनांचं ऋण फेडता येत नाही, तिसऱ्यात डोळ्यांच्या कडा पाणावतात आणि चौथ्यात पाखरं घरट्यातून उडून जातात. बोर्डाला निबंध येण्याची शक्यता दाट असल्यामुळे निरोपाचं दुःख आम्ही प्रत्यक्ष निरोपाच्या दोन वर्षं आधीच घोकून ठेवलं होतं. मुद्देसूद होतं. फक्त व्हायचं बाकी होतं.

प्रतिनिधी 'अ' तुकडीतला, पहिल्या नंबरचा. तो खणखणीत सुरू झाला. मन दाटून आलं, ऋण फेडता आलं नाही, आणि मग 'आभाळ भरून आले' या वाक्यापाशी त्याचा सांधा बदलला. हे वाक्य 'शाळेचा निरोप' मध्ये मनाबद्दल आहे आणि 'पावसाळ्यातील एक दिवस' मध्ये पावसाबद्दल. पाठांतर पक्कं असलेल्या माणसाला असा धोका नेहमीच असतो. त्याच्या भाषणात विजा चमकू लागल्या. बेडूक डराव डराव करू लागले. शेतकरीराजा आनंदानं शेताकडे निघाला. मराठीच्या बाई पदराआडून हातानं 'आवर, आवर' करत होत्या; त्याला वाटलं, बाई रडताहेत. तो आणखी जोरात पाऊस पाडू लागला. शेवटी सगळी सृष्टी हिरवीगार करून तो खाली बसला, तेव्हा 'ड' तुकडीनं जी टाळी दिली तशी त्याला कुठल्याही बक्षीस समारंभात मिळाली नव्हती. पाच वर्षं 'ड' तुकडीला तो आवडत नव्हता. तो खटला तिथंच मिटला.

मग शिक्षक बोलायला उभे राहिले आणि जुनी प्रकरणं भराभर बोर्डावर आली.

इतिहासाच्या सरांनी रायगडच्या सहलीचं प्रकरण काढलं. सहलीत सर प्रत्येक थांब्यावर डोकी मोजत. टकमक टोकाजवळ तर त्यांनी आम्हाला दोरी धरून उभं करायचंच बाकी ठेवलं होतं. परतीच्या वाटेवर लाल डब्याच्या एस.टी.त डोकी मोजली, तर एक जास्त भरलं. सरांनी पुन्हा मोजलं. पुन्हा एक जास्त. कमी भरलं असतं तर काय करायचं हे ठरलेलं होतं. जास्त भरल्यावर काय करायचं, याबद्दल शिक्षण खात्याचं परिपत्रक नव्हतं. चौकशीअंती मागच्या सीटवर दुसऱ्याच शाळेचा एक मुलगा सापडला. त्याला आमच्या 'ड' तुकडीच्या अंताक्षरीत इतकी गोडी लागली होती की, गडावरून उतरताना तो तिच्यामागोमाग आमच्याच गाडीत चढला होता. त्या वेळी सरांनी सगळ्या मागच्या सीटला अंगठे धरायला लावले होते. चालत्या एस.टी.त अंगठे धरणं ही शिक्षा शारीरिक शिक्षणाच्या कुठल्याही पुस्तकात नाही. आता तेच सर माइकसमोर म्हणत होते, "ही मुलं परक्यालाही आपलंसं करणारी आहेत."

विज्ञानाच्या बाईंनी किपच्या उपकरणाची आठवण सांगितली. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, हे पुस्तकात आहे. बाईंनी तो वायू फक्त एकदा, गुरुवारी पाचव्या तासाला तयार केला होता. पण त्यानंतर महिनाभर वर्गात कधीही, कुठूनही, कसलाही वास आला की सगळे गंभीर चेहऱ्यानं "बाई, हायड्रोजन सल्फाइड" म्हणून सांगत आणि खिडक्या उघडायच्या निमित्तानं व्हरांड्यात जात. बाईंनी तेव्हा पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. आज त्या म्हणाल्या, "शिकवलेलं रोजच्या जीवनात लावून बघणारी ही मुलं." त्या असं म्हणाल्या आणि मागच्या रांगेत कुणीतरी हळूच खिडकी उघडली.

शारीरिक शिक्षणाच्या सरांचं भाषण सगळ्यात लहान झालं. दहावीच्या वर्षी त्यांचा तास वेळापत्रकात होता, मैदानावर कधीच झाला नाही. तो कधी बीजगणितानं घेतला, कधी इंग्रजीनं, आणि जानेवारीनंतर दोघांनी वाटून घेतला. "तुमची-माझी भेट कमी झाली," एवढंच म्हणून सर बसले. त्यांना आमच्याविरुद्ध काही तक्रार नव्हती. असलीच तर ती स्टाफरूममध्ये होती.

यानंतर शेलापागोटी, म्हणजे ज्यांना आम्ही फिशपाँड म्हणत असू ती. डबा आठवडाभर आधी व्हरांड्यात ठेवलेला होता आणि डब्यातून निघणारी प्रत्येक चिठ्ठी मराठीच्या बाईंच्या नजरेखालून जात होती. बाईंच्या हाती लाल पेन असल्यामुळे त्यांनी अपमान तसेच ठेवून शुद्धलेखन तेवढं सुधारलं. वर्गातल्या झोपाळू मुलासाठी निघालं :

"इतिहास ऐकता ऐकता याचा लागे डोळा,
पानिपत संपून गेलं तरी उठेना हा भोळा!"

त्याला ते ऐकूच आलं नाही. शेजाऱ्यानं उठवून सांगितलं. रोज उशिरा येणाऱ्यासाठी :

"प्रार्थना झाली, हजेरी झाली, झाला पहिला तास,
सायकल लावतोय फाटकापाशी कोण? आमचा खास!"

हे वाचून झाल्यावर पाच मिनिटांनी तो आला. मग एक चिठ्ठी बाईंची नजर चुकवून निघाली. तिच्यावर गणिताच्या सरांचं नाव होतं :

"'समजलं का?' विचारतात, 'हो' म्हणतो सारा वर्ग,
खरंच समजलं असतं तर इथेच असता स्वर्ग!"

सभागृह गार झालं. सर सगळ्यांत आधी हसले, आणि मग नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "कुणी लिहिलं?" पाच वर्षांची सवय, सगळा वर्ग खाली मान घालून बसला. "समजलं का, मी काय विचारतोय?" सर म्हणाले. "हो सर," सगळा वर्ग म्हणाला.

सगळ्यांत अवघड खटला मॉनिटरचा होता. शिक्षक वर्गात नसताना फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे' लिहिणं आणि पुन्हा बोलल्यास नावापुढे फुल्या मारणं हे त्याचं काम. एकाच्या नावापुढे एकदा इतक्या फुल्या झाल्या होत्या की, फळा संपून त्या भिंतीवर गेल्या होत्या. शिक्षकांना आम्ही माफ केलं, कारण त्यांचा पगार त्यासाठीच होता. मॉनिटर हे फुकट करत होता. त्यावर तोडगा 'ड' तुकडीनं काढला. मॉनिटर आभारप्रदर्शनासाठी माइकसमोर गेला तसा मागचा फळा पुढे सरकवण्यात आला. त्यावर लिहिलं होतं, 'बोलणाऱ्यांची नावे', खाली फक्त त्याचं नाव, आणि तो एकेकाचे आभार मानत गेला तशी त्यापुढे एकेक फुली. मंडपवाल्याचे आभार मानेपर्यंत त्या मोजण्यापलीकडे गेल्या. तो रागावला नाही. पुढे होऊन त्यानं डस्टरनं सगळा फळा पुसला. तेही त्याचंच काम होतं.

वडे खाल्ल्यावर सह्यांचा कार्यक्रम झाला. मुलींकडे रंगीत पानांच्या स्वाक्षरीच्या वह्या होत्या. मुलांकडे बीजगणिताच्या वह्या होत्या. त्यांच्यात कोरी पानं सगळ्यांत जास्त. पाच वर्षांत मुलं आणि मुली एकमेकांशी जे बोलली, ते 'सरांनी बोलावलंय' आणि 'वही दे' याच्या पुढे गेलेलं नव्हतं. आज सगळ्या मर्यादा ओलांडून त्यांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या. त्या अशा : "बोर्डाच्या परीक्षेसाठी हार्दिक शुभेच्छा." खाली पूर्ण नाव, तुकडी आणि हजेरी क्रमांक. एका मुलानं धाडस करून 'आवडता रंग' या प्रश्नापुढे समोरच्या साडीचा रंग लिहिला. मुलीनं ते वाचलं, वही मिटली आणि विचारलं, "भूगोलाचे नकाशे झाले का तुझे?"

सह्यांवरून आठवलं. आमच्या वर्गात एक कलाकार होता. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही लागत असे आणि घरी दाखवायला मन होत नसे, तेव्हा सगळे त्याच्याकडे जात. निम्म्या वर्गाच्या वडिलांच्या सह्या त्यानं केल्या होत्या. काही वडील इंग्रजीत सही करू लागले तेही त्याच्यामुळेच. हे प्रकरण कुणाला ठाऊक नाही, अशी आमची समजूत होती. त्या दिवशी वर्गशिक्षिकांनी स्वतःची वही त्याच्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "बाळ, आता एकदा तुझ्या नावाची कर." त्याचा हात थरथरला. पाच वर्षांतली ती त्याची पहिली खोटी दिसणारी सही.

अशा रीतीनं सगळे खटले मिटले, सगळे मनापासून रडले, आणि आम्ही शाळेचा निरोप घेतला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता जादा तास होता.

निरोपाबद्दल लिहिणारे ही गोष्ट लिहीत नाहीत. निरोप समारंभानंतर दहावी शाळेत येतच राहते. सराव परीक्षेचे तपासलेले पेपर बघायला येते, जर्नलवर सही घ्यायला येते, प्रात्यक्षिकाला येते, वाचनालयाचं हरवलेलं पुस्तक न सापडल्याचं सांगायला येते, हॉल तिकीट न्यायला येते. कंठ दाटून ज्यांना नमस्कार केला, त्या सरांसमोर चार दिवसांनी पुन्हा "वही घरी राहिली" म्हणून उभं राहणं दोन्ही बाजूंना जड जातं. नववीचा तर संताप होतो. पताका उतरवून झाल्या तरी ही माणसं जाईनात, आणि नळ अजून त्यांच्याच ताब्यात. मार्चमध्ये परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल लागला, पेढे झाले. जे पास व्हायला नको होते तेही पास झाले, आणि पावसाचं भाषण करणाऱ्याला मराठीत वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले.

खरा निरोप शेवटी ऑफिसच्या खिडकीपाशी झाला. 'शाळा सोडल्याचा दाखला' घ्यायला आम्ही रांगेत उभे होतो. आत कारकून भाऊसाहेब जनरल रजिस्टर उघडून बसले होते आणि एकेकाला लिहून देत होते : जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी, अभ्यासातील प्रगती, आणि तिच्या खालचा रकाना, वर्तणूक. टकमक टोकापासून अंगठे धरून आलेला, भिंतीपर्यंत फुल्या गेलेला, पाच वर्षांपैकी निदान दोन वर्षं वर्गाबाहेर घालवलेला 'ड' तुकडीचा आमचा नायक सगळ्यांत पुढे होता. त्यानं कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला, आणि खिडकीत डोकं घातलं.

"भाऊसाहेब, जरा बघता का? इथं 'चांगली' लिहिलंय."

"मग?"

"वर्तणुकीपुढे."

"सगळ्यांनाच तसं असतं," मान वर न करता भाऊसाहेब म्हणाले. "पुढे सरक. आणि आत्ताच तीन झेरॉक्स काढून घे. मूळ दाखला कॉलेजवाले ठेवून घेतात, परत देत नाहीत."

तसंच झालं. आम्ही चांगले असल्याचा एकुलता एक लेखी पुरावा आठवड्याच्या आत अकरावीच्या अर्जासोबत जमा झाला आणि कुठल्या तरी कॉलेजच्या कपाटात आजही फायलीत असेल. झेरॉक्स प्रती आमच्याकडे आहेत. गेल्या काही वर्षांत आमच्या वर्तणुकीबद्दल घरातून, ऑफिसातून आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतून ज्या शंका घेतल्या जातात, त्यांबाबत सर्व संबंधितांना कळवण्यात येते की, मागणी केल्यास साक्षांकित प्रत सादर करता येईल.